शरद ऋतू आणि नवे म्हातारे : एक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. साठी उलटून काही वर्षं झालीत, गुडघे बोलायला लागलेत, पण मनानं अजून राजीनामा दिलेला नाही, अशांसाठी. मुरलेल्या म्हाताऱ्यांनी ती वाचायची गरज नाही. त्यांना हे सगळं ठाऊक असतं, आणि ते कुणाला सांगत नाहीत.

उदाहरणं लांजीची आहेत. बालाघाट जिल्ह्यातलं हे तहसिलीचं गाव. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. तरी रेल्वे धरायची तर आमगाव, मोठी खरेदी गोंदियाला, आणि कचेरीत हिंदी बोलून आलेला माणूस घरी येऊन चिडतो ते मराठीतच. इतर गावच्या वाचकांनी किल्ल्याच्या जागी आपली टेकडी आणि धानाच्या जागी आपलं पीक घालून वाचावं. बाकी फरक पडणार नाही.

आता शरदच का? उन्हाळ्यात घर झोपलेलं असतं. पावसाळ्यात ते गळतं, पण गळतीखाली गंज ठेवला की भागतं. किल्ल्यातल्या लांजकाईच्या देवळात नवरात्राचे घट बसले की मात्र घराला एकदम सगळं आठवतं. भिंती चुना मागतात, माळ्यावरची भांडी खाली उतरायला मागतात, रजया ऊन मागतात, पाहुणे रजया मागतात, आणि सगळं आटोपतंय तोवर सरकार तुमच्याकडे तुम्ही जिवंत असल्याचा पुरावा मागतं. नवशिका या मागण्यांची यादी करतो आणि एकेक पुरी करायला निघतो. ही यादी करणंच पहिल्यांदा सोडायचं. घराला ताटकळत ठेवता आलं पाहिजे.

सुरुवात कॅलेंडरापासून करा, कारण त्याला वाकावं लागत नाही. लांजीच्या मराठी घरात भिंतीवर बहुधा दोन असतात. एक गोंदियाहून आणलेलं कालनिर्णय, दुसरं जबलपूरचं लाला रामस्वरूप. दोन्हींत दिवाळी एकाच दिवशी असते, महिना मात्र वेगळा. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. म्हणून कोजागिरीचं दूध पिऊन झोपलात की दुसऱ्या सकाळी लालांचा कार्तिक लागलेला असतो आणि कालनिर्णयात अश्विन आणखी पंधरवडाभर रेंगाळतो. कार्तिकभर अमुक खायचं नाही असं घरात कुणी ठरवलं असेल, तर तो पंधरवडा वादात जातो. नवशिका इथं शास्त्र काढून बसतो. तसं करू नका. ज्या दिवशी जे कॅलेंडर खाऊ देतं, त्या दिवशी ते मानावं.

चंद्राचं गणित मात्र नीट लक्षात ठेवा. लांजी मुंबईच्या पूर्वेला साडेसात अंशांहून जास्त आहे, म्हणजे आपल्याकडे सगळं साधारण अर्धा तास आधी उगवतं. संकष्टीला मुंबईची वेळ बघून बसलात तर अर्धा तास फुकट उपाशी राहाल. नवरात्रानंतरची जी संकष्टी, तोच दिवस हिंदी शेजारणीच्या करवा चौथीचा. त्या दिवशी तुम्ही गच्चीवर चढायचंच नाही. शेजारणीची पोरं चंद्र दिसला की ओरडतात, ते ऐकून मोदकांकडे वळावं.

यानंतर या ऋतूचा मुख्य विषय : तुडतुडे.

धानाच्या मुलखात न राहिलेल्या माणसाला हे सांगून पटत नाही. बांध्यांतलं धान लोंबीवर आलं की हिरवे तुडतुडे संध्याकाळी गावातल्या दिव्यांवर येतात. एकदोन नाही, मूठमूठभर. तांदळाच्या दाण्याएवढेही नसतात, फिकट पोपटी, पंखांच्या टोकाला बहुधा काळा ठिपका. शेतात ते धानाचा रस शोषतात. घरात काही शोषत नाहीत, फक्त पडतात. ट्यूबलाइटवरून देवघरात, देवघरातून समईत, उरलेले तुमच्या सदऱ्याच्या कॉलरमधून आत. जाळी लावून उपयोग नाही, जाळीच्या भोकापेक्षा ते बारीक आहेत.

तरुणपणी हा नुसता वैताग असतो. म्हातारपणी त्यात डोळ्यांचा प्रश्न येतो. वरणात पडलेला हिरवा तुडतुडा आणि वरणात घातलेली चिरलेली कोथिंबीर यांतला फरक मोतीबिंदूच्या डोळ्याला दिसत नाही. घरातली बाई रागावलेली असेल तर विचारण्याचीही सोय नाही, कारण ‘‘हे काय आहे?’’ या प्रश्नाचा अर्थ स्वयंपाकावर टीका असा घेतला जातो. उपाय सोपा आहे आणि अनुभवी घरांत तो न बोलता पाळला जातो : दसऱ्यापासून धान कापून होईपर्यंत स्वयंपाकात कोथिंबीर बंद. मग ताटात जे हिरवं दिसेल ते निःशंकपणे काढून टाकता येतं.

दुसरा उपाय शेतकऱ्यांच्या प्रकाश सापळ्याचा, त्याची घरगुती आवृत्ती. अंगणात, घरापासून शक्य तितका लांब एक बल्ब लावा, त्याखाली घमेल्यात पाणी आणि त्यात थोडं साबणाचं पाणी मिसळून ठेवा. दिवेलागणीला आतले दिवे मालवा. पाहुण्यांना वाटेल लाइन गेली, वाटू द्या. जेवण उजेड असतानाच उरकावं. रात्री आठला जेवायची सवय असेल तर ती या दिवसांपुरती मोडा. आठला जेवणारे लोक बातम्या बघत जेवतात, आणि टीव्हीचा पडदा हासुद्धा दिवाच असतो हे तुडतुड्यांना चांगलं ठाऊक आहे. मोबाइलवर नातवाचा व्हिडिओ कॉल आला तर तो अंगणातल्या घमेल्यापाशी उभं राहून घ्यावा लागतो. तिकडून तो विचारतो, ‘‘आजोबा, तुम्ही सारखे गालावर का मारून घेता?’’

दिवाळीची साफसफाई. इथं एकच नियम आहे : स्टुलावर चढायचं नाही. तो मोडायचा असेल तर घरात कुणी नसताना मोडावा असं नवशिक्यांना वाटतं, आणि नेमकी त्याच वेळी खालून हाक येते, ‘‘का करून राह्यले जी वर?’’ हाकेनं दचकल्यामुळे जे पडणं होतं, ते चढल्यामुळे झालेल्या पडण्यात मोजलं जातं. तेव्हा चढू नका.

पुण्याचा किंवा रायपूरचा मुलगा फोनवर सांगेल, ‘‘बाबा, माणूस लावा ना.’’ त्याला हो म्हणावं, समजावत बसू नये. माणूस कुठे असतो ते आपल्याला माहीत आहे. हलक्या जातींचं धान ऑक्टोबरातच कापायला येतं, जड धान नोव्हेंबरात. दिवाळी मधोमध पडते. ज्या हातांनी भिंतीला चुना लावायचा, तेच हात त्या पंधरवड्यात विळा धरून बांधीत वाकलेले असतात, आणि तिथली मजुरी तुमच्या ओसरीच्या भिंतीपेक्षा जास्त महत्त्वाची आहे. हार्वेस्टर आले तरी हे फारसं बदललं नाही. बारक्या बांध्यांत आणि ओलीत ते यंत्र शिरत नाही. म्हणून एकच भिंत रंगवा. समोरची, जिच्यावर लक्ष्मीपूजनाच्या फोटोत उजेड पडतो ती. बाकी तिन्ही भिंतींना पुढच्या वर्षाचा वायदा द्या.

पितळेचं काय करायचं? प्रत्येक घरात लग्नात आलेला एक गुंड, एक कोपर आणि एखादं गंगाळ असतं. वर्षभर त्यांना कुणी विचारत नाही, धनत्रयोदशीला ती चकचकीत दिसली पाहिजेत. चिंच आणि मिठानं घासायची जुनी पद्धत चांगली आहे, पितांबरीनंही काम होतं. अडचण घासण्याची नाही, उचलण्याची आहे. ओला गुंड निसरडा असतो आणि त्याला धरायला कान नसतात. तो मोरीत न नेता अंगणात पोत्यावर आडवा ठेवावा, एकानं फिरवावा आणि दुसऱ्यानं घासावा. या कामाला नवरा-बायको दोघं लागतात, आणि चाळीस वर्षांच्या संसारात कोण फिरवणार आणि कोण घासणार हे एकदाही न भांडता ठरल्याचं मला तरी कुठे ऐकू आलेलं नाही. गंगाळ घासूच नका. त्यात झेंडूच्या पाकळ्या भरून ठेवा, आत कुणी बघत नाही.

रात्रीचा पंखा हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. थोडक्यात एवढंच : ऑक्टोबरात झोपताना उकडतं आणि पहाटे तीनला गारठतं. एकाला पंखा तीनवर हवा, दुसऱ्याला बंद. मच्छरदाणीतून बाहेर पडून रेग्युलेटर फिरवायला जो उठतो, तो परत झोपत नाही. म्हणून जो आधी जागा होतो तो झोपल्याचं सोंग घेतो, दुसराही घेतो, आणि दोघंही पाय पोटाशी घेऊन उजाडायची वाट बघतात. रिमोटचा पंखा आणून बघितलेल्यांचा अनुभव असा की रिमोट उशीखाली सापडत नाही. पायथ्याशी एक जाड चादर घडी करून ठेवा. पंख्यापेक्षा स्वस्त पडते.

नवा तांदूळ घरात आला की भाताचा चिखल होतो. नवा तांदूळ पाणी कमी मागतो, एवढंच त्याचं कारण. पण हे भात करणाऱ्या व्यक्तीला सांगायचं नसतं. बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्याच्या वासाचं कौतुक करावं, पोताबद्दल मौन पाळावं.

भाऊबीज झाली की मंडई सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. दुकानं, पाळणे, रात्री दंडार नाहीतर नाटक. ज्या गावची मंडई, त्या गावच्या लेकी-जावयांनी, सोयऱ्यांनी त्या दिवशी यायचंच, हा या मुलखातला रिवाज. नाटक पहाटेपर्यंत चालतं, त्यामुळे पाहुणे झोपणार नाहीत अशी नवशिक्याची समजूत असते. ते झोपतात. अर्ध्या नाटकातून उठून येतात, थंडी वाजून येते, आणि रजई मागतात. रजया तोवर माळ्यावर असतात, आणि माळ्याला स्टूल लागतं. आता कळलं असेल की दसऱ्यानंतरच्या पहिल्या कडक उन्हात रजया का काढायच्या. तेव्हा घरात तरुण हात असतो, नवरात्राला आलेला पुतण्या किंवा भाचा. त्याला गोडधोड खाऊ घालण्याआधी रजया उतरवून घ्या. खाल्ल्यावर तो सापडत नाही. चांगली रजई पाहुण्याला, डांबराच्या गोळीचा वास मारते ती जावयाला नाही, आणि आपली स्वतःची कुणालाच नाही. ती आधीच गादीखाली घालून ठेवावी.

आता नोव्हेंबर, आणि हयातीचा दाखला. पेन्शनरानं दर वर्षी या महिन्यात आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायचं असतं. केंद्राच्या ८० वर्षांवरच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच ही मुभा आहे, बहुधा त्यांच्याकडे वेळ कमी म्हणून. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ सुरू झालं आणि अंगठ्यावर काम होऊ लागलं. सोय चांगलीच आहे. पण वयाबरोबर बोटावरच्या रेषा झिजतात, कातडी कोरडी पडते, आणि यंत्राला त्या दिसत नाहीत. त्यात ज्यानं दिवाळीत स्वतः चुना कालवला आणि चिंच लावून गुंड घासला, त्याच्या बोटांना तर विचारायलाच नको. तो खिडकीपाशी उभा राहतो, मागे रांग असते, आणि कोवळा पोरगा नम्रपणे सांगत राहतो, ‘‘बाबूजी, अंगूठा ठीक से लगाइए.’’ अंगठा ठीकच लावलेला असतो.

म्हणून मघापासून सांगतो आहे की एकच भिंत रंगवा आणि गंगाळ सोडून द्या.

अंगठा उमटत नसेल तर दुसरी बोटं लावून बघायला सांगा, कोणतंही बोट चालतं. हात आधी साबणानं धुवा, पुसा, किंचित ओलसर राहू द्या. तेल लावून जाऊ नका. तेही जमलं नाही तर २०२१ पासून चेहऱ्यावरून दाखला देण्याची सोय आहे. मोबाइलसमोर बसायचं आणि ते सांगेल तेव्हा पापणी मिटून उघडायची. उघडायला विसरू नका, सरकारचा गैरसमज होतो. हे काम घरी, दिवसा, खिडकीसमोर बसून करावं. संध्याकाळी दिवा लावून केलंत तर ऐन वेळी डोळ्यात तुडतुडा जातो आणि पापणी नको तेव्हा मिटते.

शेवटची तारीख ३० नोव्हेंबर. शेवटच्या आठवड्यात गर्दी होते, तेव्हा दिवाळी आटोपल्यावर लगेच उरका. सोबत आधार, पीपीओ नंबर आणि चालू असलेला मोबाइल न्या. दाखला झाला की त्याचा नंबर मेसेजवर येतो. तो कागदावर उतरवून कॅलेंडराच्या खिळ्याला अडकवा. कोणत्याही कॅलेंडराच्या.