चार पावलं चालून दाखव

मैदानावर जेवढी माणसं धावतात, त्यांतल्या एकाच्या धावण्याला कधीच गुण मिळत नाहीत. हातात पेटी, खांद्याला बर्फाचा डबा आणि चेहऱ्यावर ‘घाई आहे, पण घाबरण्यासारखं काही नाही’ असा भाव. हा भाव अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. तो अंगवळणी पाडावा लागतो, कारण प्रेक्षकांचं लक्ष पडलेल्या खेळाडूइतकंच तुमच्या चालीवर असतं. हळू गेलात तर ‘हिला काही पडलेलीच नाही’, पळत गेलात तर खेळाडूची आई टीव्हीसमोर रडायला लागते. मग आम्ही एक मधली चाल शोधून काढतो, जिला धड चालणंही म्हणता येत नाही आणि धावणंही.

नव्वदच्या दशकात क्रिकेट पाहिलेल्यांना भारतीय संघाचे फिजिओ अली इराणी आठवत असतील. आमच्या घरात ज्यांना स्लिप आणि गली यांतला फरक कळत नव्हता, त्यांनाही इराणी मैदानात आले म्हणजे कुणाला तरी लागलंय, एवढं कळायचं. आमच्या व्यवसायाची जाहिरात ती तेवढीच. आम्ही दिसलो की काहीतरी बिघडलेलं असतं, आणि काही बिघडलं नाही तर आम्ही दिसतच नाही.

मी कबड्डीच्या संघांबरोबर फिरते. अमेरिकेत अशा कामाला ‘ॲथलेटिक ट्रेनर’ म्हणतात. तिथे त्यांची राष्ट्रीय संघटना १९५० साली झाली, आणि आज कित्येक शाळांच्या संघांनाही असा माणूस असतो. आपल्याकडे हे काम फिजिओथेरपीच्या दारातून आलं, आणि ते दार मुंबईत उघडलं. १९५३ साली केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली, तेव्हा कुणाच्या डोळ्यांसमोर खेळाडू नव्हते. पोलिओने पाय लुळे पडलेली मुलं होती. लेकरांना पाऊल टाकता यावं म्हणून आलेली ही विद्या आता ऐंशी किलोच्या बचावपटूंना पुन्हा उडी मारायला शिकवते.

आमच्या वेळी साडेचार वर्षांची पदवी, पुढे दोन वर्षं पदव्युत्तर शिक्षण आणि मग नोकरी, तीही हंगामापुरती. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली, त्याच्या आधी संघाबरोबर जायचं ते प्रवासखर्च आणि एक ट्रॅकसूट यांवर. ट्रॅकसूट नेहमी पुरुषांच्या मापाचा. आता करार असतो, पण स्पर्धा संपली की तोही संपतो. उरलेल्या महिन्यांत दवाखान्यात मान धरलेले संगणक अभियंते येतात. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ते वेळेवर येतात, पैसे देतात आणि दुखतं त्याच्या दुप्पट सांगतात.

नातेवाइकांना मात्र या करिअरचं काय करावं ते कळत नाही. माझ्या लग्नाच्या बोलण्यांत आत्याने ‘मुलगी डॉक्टरच आहे, फक्त खेळाडूंची’ असं सांगून पाहिलं. समोरून ‘म्हणजे औषधं देते का?’ असा प्रश्न आल्यावर तिचा धीर सुटला. ‘नाही हो,’ ती म्हणाली, ‘पाय चोळते.’ फिजिओंनी नावापुढे ‘डॉ.’ लावायचं की नाही यावर दिल्लीतून पत्रं निघतात आणि मागेही घेतली जातात. आत्याचा निकाल मात्र कायम आहे.

कॉलेजात आमच्याकडून दोनशे सहा हाडं पाठ करून घेतली. खेळाडू खोटं बोलतो, हे कुणी सांगितलं नाही. आणि सगळं करिअर उभं आहे ते त्यावरच.

घोट्याला लागलं तर एक्स-रे काढायचा की नाही, यासाठी कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली फार सुटसुटीत नियम बसवून दिले. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची टोकं आणि मागची कड दाबून पाहायची. तिथे दुखलं नाही आणि माणूस चार पावलं चालला, तर घोट्याचं हाड बहुधा शाबूत आहे. लंगडला तरी चालेल, पावलं चार पडली पाहिजेत. हे नियम देशोदेशी तपासले गेले आणि टिकले. त्यांत गृहीत एवढंच धरलंय की, दाबल्यावर दुखलं तर माणूस ‘दुखतं’ म्हणेल. ओटावाच्या डॉक्टरांनी नागपूरला उपांत्य सामना खेळणारा, डावा कोपरा सांभाळणारा आमचा बचावपटू पाहिलेला नव्हता. मी हाड दाबते तेव्हा तो छताकडे बघतो, त्याच्या कपाळावर घाम येतो आणि तो म्हणतो, “गुदगुल्या होतात, मॅडम.” चार पावलं चालून दाखव म्हटलं की आठ चालतो. वर न सांगता एक उडीही मारून दाखवतो आणि उतरतो तो दुसऱ्या पायावर. माझं निदान तिथेच झालेलं असतं.

या खोट्याचे ऋतू असतात. निवड चाचणीच्या आधी कुणालाच काही दुखत नाही. निवड झाल्यावरच्या पहिल्या सरावाला, त्यातही टेकडी चढायची असेल तर, अर्ध्या संघाची पोटरी धरते. सामना हरला की जुन्या दुखापती आठवतात, जिंकला की नव्यासुद्धा विसरायला होतात. मुली जास्त पक्क्या. त्यांनी ‘दुखतं’ म्हटलेलं घरापर्यंत पोचलं की, ‘बास झाला खेळ, आता परत ये’ असा फोन येतो. त्यांचं खोटं एखादा सामना वाचवण्यासाठी नसतं. अख्खं खेळणं वाचवण्यासाठी असतं. ते पकडताना माझा आवाज आपोआप खाली येतो.

म्हणून मी तोंडी उत्तरांवर फारशी विसंबत नाही. सकाळी बस थांबली की सगळ्यांच्या आधी उतरून दाराशी उभी राहते. कोण कुठला पाय आधी टाकतो, कोण दांडा धरतो, शेवटच्या पायरीवर कोण घुटमळतो. सपाट जमिनीवर गप्प राहणारा गुडघा पायरी उतरताना बोलतो. बुटाची नाडी बांधायला कोण वाकतो आणि कोण पाय उचलून खुर्चीवर ठेवतो, तेही बघून ठेवायचं. आमच्या व्यवस्थापकांची बरेच दिवस अशी समजूत होती की, मला नाश्त्याला पहिला नंबर लावायचा असतो.

डोक्याला मार लागला तर मात्र बघून भागत नाही, विचारावं लागतं. क्रिकेटमध्ये मेंदूला हादरा बसलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा पूर्ण खेळाडू घ्यायची सोय २०१९ साली झाली, इतकी ही बाब गंभीर. त्यासाठी मैदानाच्या कडेला विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. आपण कुठल्या मैदानावर आहोत? कितवा डाव चालू आहे? शेवटचा गुण कुणी घेतला? मागचा सामना कुणाशी झाला? आपण तो जिंकलो का? ऑस्ट्रेलियातल्या फुटबॉल खेळाडूंवर पारखून घेतलेले हे प्रश्न आहेत. आमचा एक चढाईपटू ठणठणीत असतानाही यांतल्या दोनांचीच उत्तरं देऊ शकतो. म्हणून हंगामाच्या सुरुवातीलाच, सगळ्यांची डोकी शाबूत असताना, कोण मुळात किती गोंधळलेला असतो याची मी वहीत नोंद करून ठेवते. आमच्या शास्त्रात याला बेसलाइन म्हणतात.

दोष एकट्या खेळाडूंचा नाही. कळ सोसणाऱ्याचं कौतुक करणारा आपला मुलूख आहे. कुस्तीत कान घासला, दबला की त्यात रक्त साकळतं आणि वेळेवर काढलं नाही तर कान फुगून तसाच कडक होतो. कोल्हापूरच्या तालमीत असा मोडलेला कान हा पैलवानकीचा दाखला मानतात. तिथे त्यावर उपचार सुचवणं म्हणजे पदवीचं प्रमाणपत्र फाडून टाक म्हणण्यासारखं आहे. पण त्याच तालमीत पैलवान एकमेकांची मालिश करतात, आणि खांदा नेमका कुठे आखडलाय हे जुन्या वस्तादांना नुसत्या हाताला कळतं. आत्याच्या ‘पाय चोळते’मध्ये किती जुनी विद्या आहे, ते मला तिथे उमगलं. तिला अजून सांगितलेलं नाही.

आणि मग अनिल कुंबळे. २००२ साली अँटिग्वाला मोडलेल्या जबड्याभोवती पट्टी गुंडाळून त्यांनी चौदा षटकं टाकली आणि ब्रायन लाराला बाद केलं. ते चित्र पाहून माझाही ऊर भरून येतो. पण शिबिरात कुणी ते पडद्यावर दाखवलं की माझ्या पोटात गोळा येतो. कारण दुसऱ्याच दिवशी एखादा वीस वर्षांचा पोरगा फाटलेल्या स्नायूवर कुंबळे व्हायला निघतो. त्या पराक्रमानंतर कुंबळे शस्त्रक्रियेसाठी मायदेशी परतले, हे त्या चित्रात कुठे दिसत नाही.

खेळाडू असा, तर प्रशिक्षकाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच हवं असतं. स्नायूला तसं उत्तर देता येत नाही, म्हणून आम्ही टक्के काढले. “किती टक्के आहे?” “सत्तर.” “ऐंशी धरू का?” “पंच्याहत्तर, पण दुसऱ्या डावात बसवायचा.” हा आकडा कुठल्याही यंत्रातून निघत नाही, हे त्यांना ठाऊक आहे आणि मलाही. खरं तर ते विचारत असतात, उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची? आणि मी सांगत असते, माझी, पण तुम्ही ऐकलंत तर.

आमच्या शास्त्रानेही फार ताठ मानेने बोलावं अशी परिस्थिती नाही. १९७८ साली गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी आराम, बर्फ, दाब आणि पाय उंचावर, असा चार गोष्टींचा मंत्र दिला. त्यावर पिढ्या शिकल्या. साडेतीन दशकांनी त्यांनीच सांगितलं की, बर्फ आणि पूर्ण आराम यांनी बरं व्हायला उलट उशीर होऊ शकतो, कारण सूज हा शरीराच्या डागडुजीचाच भाग आहे. आता आम्ही हालचाल लवकर सुरू करून घेतो. तरी बर्फाचा डबा काही सुटत नाही. एक तर त्याने ठणका कमी होतो आणि दुसरं म्हणजे डबा नसेल, तर फिजिओ आलीय हे खेळाडूच्या वडिलांना पटत नाही.

रंगीत पट्ट्यांचंही तसंच. जपानच्या केंझो कासे यांनी १९७०च्या दशकात तयार केलेली ती चिकटपट्टी २००८च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर जगभर झळकली. तिच्या गुणांबद्दल संशोधक फारसे उत्साही नाहीत, सांगलीची पोरं मात्र आहेत. “मॅडम, निळी लावा ना, जर्सीला मॅच होते.” मी लावते. निळी पट्टी हवी असलेला पोरगा टेबलावर पाच मिनिटं बसतो, आणि त्या पाच मिनिटांत एखादं वाक्य तरी खरं बोलतो.

बाकीचं खरं बाहेर यायला गुडघा जावा लागतो. एसीएल हा गुडघ्यातला अस्थिबंध तुटला आणि शस्त्रक्रिया झाली, तर नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरू नये. घाई केली तर गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच वाढतो. नऊ महिने म्हटलं की खेळाडू कोसळतो. घरातल्या बायका मात्र समजूतदारपणे मान हलवतात, आकडा त्यांच्या ओळखीचा असतो. सुरुवातीचं काम काय, तर पाय पूर्ण सरळ करणं आणि मांडीचा स्नायू जागा करणं. तिघांना ओढत नेऊन मध्यरेषेला हात लावणाऱ्या गड्याच्या गुडघ्याखाली मी टॉवेलची गुंडाळी ठेवते आणि म्हणते, “दाब. सोड. दाब. सोड.” पहिल्या महिन्यात तो माझ्यावर चिडतो. तिसऱ्यात बोलायला लागतो. निवड नाही, सामना नाही, बघायला कुणी नाही. खोटं बोलायला कारणच उरलेलं नसतं. मग कळतं की गुडघा केव्हाचा कुरकुरत होता, पण खेळाडू कोट्यातली नोकरी अजून कायम झाली नव्हती आणि बहिणीचं लग्न ठरलेलं होतं. एमआरआयमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

परदेशात या खात्यातून वर चढलेले लोक आहेत. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये पूर्वी बादली आणि ओला स्पंज घेऊन धावणारा माणूस असे. नुसत्या गार पाण्याने खेळाडू उठून पळायचे, म्हणून त्या स्पंजला लोक जादूचा स्पंज म्हणत. आर्सेनलचे फिजिओ बर्टी मी १९६६ साली संघाचे व्यवस्थापक झाले, आणि १९७१ साली त्यांच्या संघाने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. लिव्हरपूलचे बॉब पेझलीही आधी खेळाडूंच्या दुखापती पाहायचे. पुढे व्यवस्थापक म्हणून त्यांनी तीनदा युरोपियन कप आणला. मला याचं नवल वाटत नाही. कुणाचं काय दुखतंय आणि कोण काय लपवतोय हे ज्याला आधीच ठाऊक आहे, त्याला संघ निवडायला कितीसा वेळ लागणार?

इथे माझ्यापुढे तसली शिडी नाही. इथली बढती वेगळी आहे. पहिल्या हंगामात खेळाडू तुम्हाला प्रशिक्षकांचा हेर समजतात. मग काही काळ तुम्ही नुसत्या पट्टीवाल्या मॅडम असता. आणि मग कधीतरी, सामन्याच्या आदल्या रात्री, तोच छताकडे बघणारा बचावपटू आपणहून येतो आणि म्हणतो, “मांडी मागून ओढतेय. उद्या नाही जमणार. सरांना तुम्ही सांगता की मी सांगू?” या बढतीचं पत्र येत नाही आणि पगार वाढत नाही. प्रशिक्षक दोन दिवस बोलत नाहीत, आणि संघ हरला तर तो तुमच्यामुळेच हरलेला असतो.

पुढच्या हंगामात तो पोरगा दोन्ही पायांवर उड्या मारत खेळतो, आणि सगळे त्याचं श्रेय त्याच्या आईच्या हळदीच्या दुधाला देतात. मी वाद घालत नाही. हळदीच्या दुधाची प्रॅक्टिस माझ्यापेक्षा कितीतरी जुनी आहे, आणि त्याला आजवर कुणी टक्के विचारलेले नाहीत.