डोळा शार्प हवा

सोसायटीत कुणाकडे कुत्र्याचं पिल्लू आलं, की तिसऱ्या मजल्यावरचे काका त्याची जात विचारत नाहीत, लसींची चौकशी करत नाहीत. पिल्लाचं तोंड अलगद दोन्ही हातांत धरतात, नाकापासून डोळ्यापर्यंतचं अंतर नजरेनं मोजतात आणि म्हणतात, "याला पाच पॉइंट सहा लागणार." मालकाला वाटतं, जंताच्या औषधाचा डोस सांगतायत.

काका बँकेतून निवृत्त झाले, फंडाचे पैसे आले आणि त्यांच्यामागोमाग कॅमेरा घरात आला. मोती आधीपासूनच होता. नाव मोती, रंग कोळशाचा. म्हणजे फोटोग्राफीतला सगळ्यात अवघड विद्यार्थी काकांच्या वाट्याला पहिल्याच दिवशी आला. काळं काही समोर दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं इथं उजेड कमी पडतोय. तो आपणहून उजेड वाढवतो आणि मोती करडा होऊन बाहेर पडतो. "कॅमेऱ्याचं ऐकायचं नाही. मायनस एक करायचं," हे काकांनी मला लिफ्टमध्ये सांगितलं आहे, जिन्यात सांगितलं आहे आणि एका बारशातही सांगितलं आहे.

पण त्यांचा खरा विषय अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक. त्यांना चुकूनही विचारू नये की आकडा लहान असताना भोक मोठं कसं. मी विचारलं. काकू मटार सोलत बसल्या होत्या. काकांनी खिशातून दहा रुपयांचं नाणं काढून टीपॉयवर ठेवलं. "पन्नासची लेन्स. पन्नासला एक पॉइंट आठनं भागा. अठ्ठावीस मिलिमीटर आले ना? म्हणजे या नाण्याहून केसभर मोठं भोक. आता आठनं भागा." आणि काकूंच्या ताटातला एक मटार उचलून त्यांनी नाण्याशेजारी ठेवला. "सव्वासहा! भागाकार आहे हो हा, बाकी काही नाही." मग एक पॉइंट चार, दोन, दोन पॉइंट आठ, चार, पाच पॉइंट सहा असा पाढा झाला; दर पायरीला उजेड निम्मा. काकूंनी मधेच तो मटार उचलून परत ताटात टाकला. रोज एक कमी होतो म्हणाल्या.

मी म्हटलं, "मग नाण्याएवढंच ठेवावं की कायम. उजेडही भरपूर, मागचं सगळं छान धूसर."

"आणि नाकाचं काय?" काका कळवळले.

नाक हे काकांच्या आयुष्यातलं दुखणं आहे. भोक मोठं ठेवून जवळून फोटो काढला, की जेमतेम दोन-चार सेंटिमीटरचा पट्टा स्वच्छ येतो. डोळा धरला की नाक विरघळतं, नाक धरलं की डोळ्यात मोतीबिंदू. पगचं बरं असतं. सगळा चेहरा एकाच पातळीवर, एक पॉइंट आठलाही निभतं. अल्सेशियनचं थोबाड म्हणजे फर्लांगभर प्रवास. शेवटी काका निकाल देतात तो एकच: "डोळा शार्प हवा. डोळा हाती लागला की कुत्रा हाती लागला."

लेन्स किती आहेत हे काकूंना नक्की माहीत नाही. सगळ्या काळ्या, सगळ्या गोल, नवी आली की काका म्हणतात, "जुनीच आहे, पुसलीय." पावसाळ्यात काचांना बुरशी धरते, म्हणून घरातला सगळ्यात घट्ट झाकणाचा डबा लेन्सना आणि चिवडा सादळलेला. सत्तर-दोनशेचं दीड किलोचं धूड काका तान्ह्या बाळासारखं मानेखाली हात देऊन उचलतात. लांबून काढलं की मोती बिचकत नाही, शिवाय चेहऱ्याची ठेवण बिघडत नाही. वाइड लेन्स तोंडाशी नेली तर नाकाचा बटाटा होतो.

सकाळी बागेत ते पालथे पडलेले असतात. कुत्र्याचा फोटो कुत्र्याच्या उंचीवरून काढायचा, हा नियम. नवीन वॉचमनला वाटलं चक्कर आली. तो पाणी घेऊन धावला आणि मोती उठून त्याच्याकडे गेला. काकांनी त्याला पाण्याबद्दल धन्यवाद दिले आणि एलियट अर्विट या अमेरिकन फोटोग्राफरची गोष्ट ऐकवली. त्यानं 1946 साली न्यूयॉर्कमध्ये स्वेटर घातलेल्या चिवावाचा फोटो जमिनीलगत कॅमेरा धरून काढला. शेजारी बाईंचे फक्त पाय. हाच गृहस्थ कुत्र्यांनी वळून पाहावं म्हणून स्वतः भुंकायचा. वॉचमननं हे शांतपणे ऐकून घेतलं. हल्ली काकाही भुंकतात. तळमजल्यावरून तक्रार आली आहे. नोटिशीत "पाळीव प्राण्यांचा आवाज" असं म्हटलंय.

माणसांचे फोटो मात्र ते टाळतात. मी एकदा पासपोर्टसाठी विचारलं, तर म्हणाले, "तुम्ही फार पोझ देता हो."

मागच्या दिवाळीआधी शेजारच्या विंगमधल्या आजींचा म्हातारा पॉमेरियन गेला. आठवड्याभरात काका फोटो फ्रेम करून घेऊन गेले. खिळा आणि हातोडीसुद्धा घरून नेली. पांढऱ्या केसांतला एकेक केस मोजावा असा फोटो. आजींनी पदरानं काच पुसली, तरी त्यांना नीट दिसेना, पुन्हा पुसली. काका मागे हात बांधून उभे. बराच वेळ त्यांनी दम धरला, हे मी साक्षीदार म्हणून सांगतो. मग राहवलं नाही.

"दोन पॉइंट आठला काढलाय. चारला काढला असता तर उजवा कानही आला असता."

"त्या कानानं त्याला ऐकूच येत नव्हतं हो," आजी म्हणाल्या, आणि काकांना लाडू आणायला आत गेल्या.