रिमोट जरा इकडे दे

आमच्या सोसायटीतल्या काकांना टीव्ही पाहताना कुणी पाहिलेलं नाही. ते चित्र पाहतात. दारातून आत आले की पहिली नजर पडद्यावर, दुसरी आमच्या आईवर. "काय वहिनी, बरं ना?" याचं उत्तर यायच्या आत हात माझ्यापुढे. "अरे, रिमोट जरा इकडे दे."

काकांनी जन्मात नवा टीव्ही घेतलेला नाही. नव्यात आपण करायचं काय, हा त्यांचा सवाल. 1972 साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा ते दादरच्या चाळीत होते, आणि पुढे चाळीत आलेल्या पहिल्या जुन्या टीव्हीचा अँटेना फिरवायचं काम त्यांच्याकडे आलं. छायागीतातल्या नायकाच्या उजवीकडे त्याचाच एक फिकट जुळा भाऊ उभा असायचा. चाळ म्हणायची भुताटकी. काकांनी शोधून काढलं, की समोरच्या इमारतीवर आपटून येणारी लहर उशिरा पोचते, आणि चित्र डावीकडून उजवीकडे रेखलं जातं म्हणून उशिरा आलेला नायक उजवीकडे उमटतो. अँटेना चार बोटं वळवून त्यांनी तो भाऊ घालवला. त्या दिवसापासून माणूस कामातून गेला.

मी बंगळूरला बदली झालेल्या एकाकडून बत्तीस इंची जुना एलसीडी उचलला, तेव्हा काका तो भिंतीवर चढायच्या आत हजर होते. वृत्तनिवेदिका नुकती हळद लागल्यासारखी दिसत होती. काकांनी तिच्याकडे नंतर पाहिलं. आधी टीव्हीच्या पाठीमागे मान घातली आणि तिथूनच आवाज आला, "अरे, पिवळी पिन?"

सेट-टॉप बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने जोडलेला होता. मला वाटलं, चित्र येतंय ना! "अख्खं चित्र एका पिवळ्या तारेतून कोंबून आणतोस? शेजारी एचडीएमआयचं भोक रिकामं बसलंय. बासुंदी चहाच्या गाळण्यातून गाळून पितोस का रे?" एचडीएमआयची वायर त्यांच्या खिशात होती. ती नेहमीच असते. मग बॉक्सच्या मेनूत शिरून त्यांनी तिथलंही रिझोल्यूशन वाढवलं. ते कुणीच वाढवत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पुढची पायरी 'डायनॅमिक'. हा मोड त्यांचा जन्माचा वैरी. "दुकानात ट्यूबलाइटच्या झगझगाटात वीस टीव्हींमध्ये उठून दिसायला केलेला मेकअप हा. मांडवातला मेकअप घरी रोज ठेवतात का?" मोड 'सिनेमा' झाला, निवेदिकेची हळद उतरली. शार्पनेस जवळजवळ शून्यावर. "त्याने बारकावा वाढत नाही. कडेला पांढरी रेघ ओढतो नुसती." खरंच, तिच्या खांद्याभोवतीची प्रभावळ गेली.

मग आईची मालिका लागली. नायिका सासरच्या उंबऱ्यावर कोसळून रडत होती, आईचा पदर डोळ्यांना. काका म्हणाले, "केस बघा वहिनी, केस!" मघाशी तिच्या डोक्यावर डांबर होतं, ब्राइटनेस दोन घरं वर सरकवल्यावर बटा सुट्या झाल्या. सासऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्याची बटणं दिसेपर्यंत कॉन्ट्रास्ट खाली. काळा ब्राइटनेसने धरायचा, पांढरा कॉन्ट्रास्टने. मालिकेत काय झालं ते आईला दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून कळलं.

पण त्यांचा खरा पराक्रम वेगळाच. हा टीव्ही चित्र किंचित फुगवून चारी कडा खात होता. काचेच्या नळीच्या जमान्यातली खोड, म्हणे. इंग्रजीवाल्यांचं त्यात फारसं बिघडत नसेल, आमचे उकार गेले. बातमीपट्टीत महिनाभर 'मंबई' होती, 'पणे' होतं, एकदा 'दध महागले'. मला वाटायचं, वाहिनीने शुद्धलेखन तपासणारा काढून टाकला. मी तसं पत्र लिहायलाही घेतलं होतं. शेवटी काकांनी पिक्चर साइझमध्ये जाऊन 'जस्ट स्कॅन' निवडलं (काही टीव्हींत त्यालाच 'स्क्रीन फिट' म्हणतात) आणि एका बटणात मराठीचे उकार परत आले. साहित्य संमेलनात यांचा सत्कार व्हायला हरकत नाही.

एका गोष्टीपुढे मात्र ते हात टेकतात. जुन्या एलसीडीच्या पाठीमागच्या बारीक ट्यूबा वर्षांनुवर्षं जळून मंदावतात. "ते आता वयाचं," एवढंच ते बोलतात, तेही टीव्हीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात.

गेल्या महिन्यात काकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी निघाली, आणि दुसऱ्या दिवशी ते सोसायटीभर दारं वाजवत फिरले. इतकी वर्षं ते जग पिवळ्या काचेतून बघत होते, आणि त्या पिवळेपणाच्या हिशेबाने त्यांनी तेवीस घरांचे रंग लावून दिले होते. "अरे, निळा असा असतो होय!" आमच्या टीव्हीसमोर उभे राहून ते एकदा डावा डोळा मिटत, एकदा उजवा. एका डोळ्याने निवेदिका गोरी, दुसऱ्याने अजून हळदीची. शेवटी उजव्याचं ऐकून त्यांनी सगळं पुन्हा लावलं.

डाव्या डोळ्याची तारीख दिवाळीनंतरची आहे. आईने रिमोट तांदळाच्या डब्यात ठेवलाय.