तिकीट जुळतं, गाडी जुळत नाही

मेलबर्न
अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,


आईच्या गुडघ्याचं काय झालं ते सविस्तर कळवा. ‘बरं आहे’ एवढ्यावर भागणार नाही. परवा फोनवर बाबांनी विचारलं, “मंडळाच्या गणपतीला मोदक गार कसे पोचले? तुमच्याकडे तर दारात बस आणि पुढे ट्राम आहे ना?” फोनवर मी विषय बदलला. एक तर उत्तर लांबलचक आहे, आणि दुसरं म्हणजे बेस्टमध्ये चौकीवरून गाड्या सोडत जन्मभर स्टार्टरची नोकरी केलेल्या माणसाला हे फोनवर सांगायला घेतलं असतं, तर दर वाक्याला उलटतपासणी झाली असती. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

आता नीट ऐका. मेलबर्नचं ट्रामचं जाळं जगातलं सगळ्यांत मोठं, सुमारे २५० किलोमीटरचं. शहरं एकामागून एक ट्राम मोडीत काढत होती तेव्हा या लोकांनी रूळ उखडले नाहीत. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला आली, ती बघायला बाबा तिथल्या ट्राम टर्मिनसवर उभे होते हे आम्ही लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की आम्हीच तिथे होतो असं वाटतं. तेव्हा इथे ट्राम बघून बाबांना गहिवरून येणार हे नक्की. पण बाबा, गहिवर जरा राखून ठेवा.

आमच्या बाजूला येते ती ७५ नंबरची ट्राम. सगळ्या जाळ्यात हाच मार्ग लांबीनं पहिला, जवळजवळ २३ किलोमीटर. शहरातून निघून रिचमंड, कॅम्बरवेल, बरवुड असं करत ती पूर्वेकडे येते. ती थेट नॉक्स सिटीच्या बाजारापर्यंत न्यायची असं बोलणं होतं. २००५ मध्ये रूळ तीनेक किलोमीटर वाढले, व्हर्माँट साउथला आले आणि तिथेच संपले. पुढच्या पाचेक किलोमीटरसाठी सरकारनं बस दिली. आणि आम्ही घर घेतलं कुठे? नॉक्स सिटीजवळ. दलाल म्हणाला होता, “ट्राम अगदी जवळ आहे.” जवळ आहेच. मधे फक्त एक बस आहे.

तिकिटाच्या बाबतीत मात्र या लोकांना मानलं पाहिजे. मायकी नावाचं एकच कार्ड बस, ट्राम, रेल्वे सगळ्याला चालतं. एकदा टेकवलं की दोन तास हवं तेवढं फिरा, वाहनं बदला, पुन्हा पैसे नाहीत. त्यातही दोन तास मोजायचे ते पुढचा पूर्ण तास वाजल्यापासून, आणि संध्याकाळी सहानंतर टेकवलं तर पहाटे तीनपर्यंत. आईला हे आवडेल. पण बाबा, तिकीट म्हणजे छत्तीस गुण जुळलेली पत्रिका. पत्रिका जुळली, बैठक झाली, मांडव पडला. आणि मुहूर्ताला नवरा-नवरी दोन वेगळ्या कार्यालयांत उभे. आमच्या बस-ट्रामचं तसं आहे. ट्राम चालवणारी कंपनी वेगळी, रेल्वेची वेगळी, आणि बसच्या तर कितीतरी खासगी कंपन्या, काही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या. सगळ्यांवर पाटी एकच, म्हणून परक्या माणसाला वाटतं हे एकच घर.

गणपतीच्या दिवशी आमची मोटार दुरुस्तीला गेली होती. उकडीचे मोदक, स्टीलचा मोठा डबा, वर टॉवेल गुंडाळलेला. तुमचे जावई म्हणाले, “टॅक्सी करू.” कन्या म्हणाली, “ट्रामनं गेलं की पृथ्वी वाचते.” ती ट्रामच्याच वाटेवरच्या डीकिन विद्यापीठात पर्यावरण शिकते, त्यामुळे घरात पृथ्वीचा पक्ष भक्कम आहे. निघालो. बसथांबा म्हणजे एक खांब आणि त्यावर पत्र्याचा तुकडा. बाकडं नाही, छप्पर नाही. इथे आता वसंत सुरू होतोय आणि या दिवसांत मॅगपाय नावाचे काळे-पांढरे पक्षी घरटी राखतात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर झेप घेतात. सायकलवाले हेल्मेटवर प्लास्टिकच्या पट्ट्या साळिंदराच्या काट्यांगत उभ्या लावून हिंडतात. आमच्या खांबाशेजारच्या निलगिरीवर असाच एक पक्षी राहतो. त्याला बसचं वेळापत्रक ठाऊक असावं. बस जेवढी उशिरा, तेवढ्या जास्त फेऱ्या तो मारतो. जावईबापू डोक्यावर मोदकाचा डबा धरून उभे राहिले. मला उगाच वसुदेव आठवला.

बस आली, व्हर्माँट साउथला पोचली आणि शेवटच्या सिग्नलला अडली. समोर ट्राम उभी, दारं उघडी. सिग्नल हिरवा झाला तेव्हा तिची दारं बंद होत होती. तरी ते दुःख मोठं नाही, दिवसा पुढची ट्राम लवकर येते. ती आली, आम्ही बसलो, आणि ती पुढे जाऊन अडकली. कारण बरवुडच्या हमरस्त्यावर ट्रामला स्वतःची जागा आहे, पण पुढे अरुंद रस्त्यांत मोटारी आणि ट्राम एकाच पट्ट्यातून चालतात. कुणी एकानं उजवीकडे वळायला रुळांवर मोटार उभी केली की मागे आख्खी ट्राम घंटा वाजवत बसते. ट्रामचं वजन तीस गेंड्यांएवढं असतं, अशी इथे सावधगिरीची जाहिरात होती, गेंडा चाकांच्या फळीवर बसलेला. पण त्या दिवशी तीस गेंडे एका छोट्या मोटारीमागे निमूट उभे होते. शहराच्या मध्यावर यावर तोड काढलीय: उजवीकडे वळायचं तर मोटार अगदी डाव्या कडेला न्यायची, थांबायचं, आणि आडव्या रस्त्याचा सिग्नल हिरवा झाला की सगळा चौक ओलांडून वळायचं. जावईबापूंना हे शिकवताना शिक्षकानं दोनदा देवाचं नाव घेतलं. मोदक पोचले तेव्हा आरती संपली होती आणि पाऱ्या कातडीसारख्या झाल्या होत्या. मंडळातल्या काकू म्हणाल्या, “छान झालेत, फ्रीजमधले का?”

पण खरी गंमत परतीची. जाताना बसमधून ट्राममध्ये चढायचं असतं, म्हणजे विरळ गाडीतून दाट गाडीत. चुकलं तरी निभतं. येताना उलट. दाट गाडीतून विरळ गाडीत. आणि रात्री, रविवारी ती बस आणखीनच विरळ. चुकली की काय होतं ते चिरंजीवांनी मला गणितात समजावून दिलं. त्यांच्या शाळेत लसावि चालू आहे. समजा ट्राम दर १२ मिनिटांनी येते आणि बस दर ३० मिनिटांनी सुटते. दोन्ही एकदम बरोबर आठच्या ठोक्याला भेटल्या, तर पुन्हा तशा भेटणार कधी? १२ आणि ३० चा लसावि ६०, म्हणजे नऊला. मधल्या ट्रामवाल्यांनी काय करायचं? १८ मिनिटं थांबा, ६ मिनिटं थांबा, २४ मिनिटं थांबा, १२ मिनिटं थांबा. एकाच मार्गावर, एकाच संध्याकाळी, प्रत्येकाचं नशीब निराळं. ट्राम १५ मिनिटांची केली तर प्रत्येक बसला नेमानं एक ट्राम मिळेल, हे सहावीतल्या पोराला कळलं. त्यानं वहीत खाली लिहिलंय, ‘म्हणून १२ ही संख्या वाईट आहे.’ बाईंनी लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढलंय.

आणि हे सगळं गाड्या वेळेवर असल्या तर! त्या रात्री ट्राम चार मिनिटं उशिरा होती. व्हर्माँट साउथ जवळ आलं तसे ट्राममधले नेहमीचे लोक उठून दाराशी उभे राहायला लागले. कुणी कुणाशी बोलत नाही, पण सगळ्यांचे डोळे काचेबाहेर. बस दिसली. आतला दिवा, चालकाचा फेटा, सगळं स्पष्ट. दारं उघडली, आम्ही पळालो, मागून मोदकाचा रिकामा डबा खणखणत. आणि बस हलली. चालकानं आमच्याकडे बघून हात वर केला. इथले लोक उतरताना चालकाला न चुकता थँक्यू म्हणतात, त्यामुळे चालकही सभ्य. सोडून जातानासुद्धा सभ्यपणे सोडून जातात.

दुसऱ्या दिवशी तेच सरदारजी भेटले. मी हिंदीत भांडायच्या तयारीनं चढले. ते म्हणाले, “बहनजी, मी बघितलं तुम्हाला. पण मी थांबलो तर पुढे माझ्या लोकांची दुसरी बस जाते, ती चुकली की त्यांना अर्धा तास. आणि उशीर माझ्या नावावर लागतो.” आता यावर काय बोलणार? बाबा, तुम्हीच एकदा सांगितलं होतं, चौकीवर उभं राहून गाडी रोखणं सोपं, रोखलेल्या गाडीतल्या माणसांकडे बघणं अवघड. सरदारजी चुकत नव्हते. ट्रामचा चालकही चुकत नव्हता. तो गेंड्यांत अडकला होता. ट्राम किती वेळेवर धावली याचा हिशेब ट्रामच्या वहीत, बसचा बसच्या वहीत. मी दोघींच्या मधे खांबाला टेकून किती वेळ उभी होते, तो आकडा कुणाच्या वहीत चढल्याचं निदान मला तरी दिसलेलं नाही. ट्राम पाच मिनिटांच्या आत उशिरा आली तर ती वेळेवर आली असं धरतात. म्हणजे त्या रात्री ट्राम वेळेवर होती, बस वेळेवर होती, आणि आम्ही त्या दोघींच्या मधोमध थंडीत कुडकुडत होतो.

वन्संचा झुरिकहून फोन आला तेव्हा मी हे बोलून गेले. ते बोलायला नको होतं. त्यांनी तासभर स्वित्झर्लंड ऐकवलं. तिथे १९८२ पासून देशभर गाड्या ठरावीक मिनिटाला धावतात, एका तासाला जे मिनिट तेच पुढच्या तासाला. मोठ्या स्टेशनात सगळ्या गाड्या जवळजवळ एका वेळी येतात, माणसं इकडून तिकडे जातात आणि सगळ्या पुन्हा निघतात. डोंगरातली पिवळी टपालबससुद्धा ट्रेनशी गाठ घालून सुटते. “तुमच्याकडे असं नाही?” वन्संनी विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे समुद्र आहे.

खरं सांगायचं तर मुंबईतही कुणी गाड्यांच्या वेळा जुळवत नव्हतं. लोकलमधून उतरून दादरला बस धरताना कुणी वेळापत्रक बघितलंय? एक गेली की मागे दुसरी उभी. जिथे गाड्या भरपूर तिथे गाठ घालायची गरजच पडत नाही; गाड्या कमी असल्या की मग प्रत्येक मिनिटाची मिनतवारी. इथे ट्राम मुंबईसारखी आणि बस खेड्यातल्या मुक्कामी एस.टी.सारखी. त्या दोघींना एकाच वेळापत्रकानं बांधायचं तर बस वाढवा, नाहीतर ट्रामच्या उशिराची बातमी बसच्या चालकाला दोन मिनिटं आधी तरी पोचवा. माझ्या मोबाईलवर ट्राम कुठे आहे ते दिसतं. शेजारच्या आजीबाईंच्या मोबाईलवरही दिसतं. तर बसवाल्याला का दिसू नये, हा माझा अडाणी प्रश्न. याचं एक पत्र मी संबंधित खात्याला पाठवलं. त्यांचं उत्तर आलं: आपल्या अभिप्रायाबद्दल आभार, तो बसच्या विभागाकडे पाठवला आहे. बसच्या विभागाचं उत्तर: आभार, हा ट्रामचा विषय आहे. पत्रांचीसुद्धा गाठ पडली नाही.

एक गोष्ट बाबांना लागेल म्हणून आधीच सांगून ठेवते. इथे ट्राममध्ये कंडक्टर नाही. १९९८ पर्यंत होते, मग काढले. टण टण करून ‘चलो’ म्हणणारं कुणी नाही, ‘थांब रे, बाई येतायत’ म्हणणारंही नाही. एवढा मोठा व्हर्माँट साउथचा नाका, ट्राम तिथे संपते, बस तिथून निघते, आणि दोघींकडे एकदम बघणारा एकही माणूस तिथे नेमलेला नाही. जावईबापू म्हणतात, बाबा आले की त्यांना तिथे एक खुर्ची आणि वही देऊन बसवू, आठवड्यात सगळं सुरळीत होईल. चेष्टा करतायत, पण खुर्ची त्यांनी खरंच बघून ठेवलीय, घडीची.

नोव्हेंबरची तिकिटं काढल्याचं वाचून सगळ्यांना आनंद झाला. आईसाठी खालची खोली रिकामी केली आहे. भाजणी आणि मेतकूट आणा, पण विमानात फॉर्म देतील त्यात खाण्याचे पदार्थ आहेत असं स्पष्ट लिहा. इथे लपवलेलं सापडलं तर जबर दंड होतो. घरचं तूप, बिया, फुलं काही नको. पापडांचं मी विचारून कळवते.

आणि बाबा, तुमच्या शेवटच्या पत्रातला विमानतळावरून ट्रामनं यायचा बेत रद्द. ५९ नंबरची ट्राम ‘एअरपोर्ट वेस्ट’ला जाते हे तुम्ही नकाशात बरोबर बघितलंत. पण ते एका उपनगराचं नाव आहे. विमानतळ तिथून पुढे कितीतरी किलोमीटरवर. तिथवर ट्राम जात नाही, रेल्वेही नाही. ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर उतरून पुन्हा बस धरावी लागते, आणि ती कशी धरतात ते वर चार पानं सांगितलंच. तेव्हा दोन बॅगा आणि गुडघा घेऊन काही प्रयोग करू नका. बाहेर आलात की तिथेच थांबा, आम्ही मोटार घेऊन येतो. वळताना ती आधी डावीकडे गेली तर घाबरू नका.

तुमची
छबी

ता. क. : आईचं जुनं मोदकपात्र पाठवता आलं तर बघा. पुढच्या वर्षी मोदक मंडळाच्या हॉलमध्येच उकडायचं ठरलंय.