फादर, दहा जागा द्या

आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशींच्या नातवाचा आरटीईचा अर्ज यंदा मी भरून दिला. जन्मदाखला होता, रहिवासी पुरावा होता, लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखलाही तलाठ्याकडे खेटे घालून आणलेला होता. मोबाइलवर शाळांची यादी उघडली. मावशींच्या खोलीसमोर रस्ता ओलांडला की चर्चची शाळा आहे. तिची घंटा त्यांच्या चुलीपाशी ऐकू येते. यादीत ती नव्हती. मावशी म्हणाल्या, "दादा, नीट बघा, राहिली असेल." राहिली नव्हती. ती त्या यादीत कधीच नसते.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजे आरटीईने, खासगी विनाअनुदानित शाळांना पहिलीच्या किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी ठेवायला लावल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली त्यातून विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा वगळल्या. २०१४ साली प्रमती खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने त्यापुढे जाऊन अनुदानित असोत वा विनाअनुदानित, सगळ्याच अल्पसंख्याक शाळा कायद्याबाहेर ठेवल्या. आधार घटनेच्या कलम ३०चा.

त्या कलमाच्या बाजूने मी उभा आहे, हे आधीच सांगून टाकतो. लहान समाजाला स्वतःची शाळा काढता आणि चालवता आली पाहिजे, तिच्या कारभारात सरकारने नाक खुपसता कामा नये. पण सरकार आत येऊ शकत नाही, म्हणून मावशींच्या नातवानेही येऊ नये, असं ते कलम कुठेही म्हणत नाही. दार लावून घ्यायची सक्ती त्यात नाही. ते दार लावलं आहे शाळेने.

आणि दार लावणारे कोण? ज्यांनी या राज्यात ते पहिल्यांदा उघडलं त्यांचे वारस. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनने १८२४ साली मुलींची शाळा काढली, तेव्हा मुलीच्या हातात पाटी देणं आपल्याकडे पाप समजलं जात होतं. सिंथिया फरार ही एकटी, अविवाहित अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईत उतरली. पुढे अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, तिने मुलींच्या शाळा चालवल्या आणि तिथेच १८६२ साली तिने देह ठेवला. जोतीराव फुले स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. नगरला जाऊन त्यांनी फरारबाईंची शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. त्या शाळेने आपल्याला दिशा दिली, हे त्यांनी पुढे 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मोकळेपणाने सांगितलं. मिशनऱ्यांना धर्मप्रसार करायचा होता, हे फुल्यांना दिसत होतंच. ते ख्रिस्ती झाले नाहीत. पण ज्याला कोणी वर्गात बसू देत नव्हतं त्याला या लोकांनी बसवलं, हे ते विसरले नाहीत. आपणही विसरू नये.

ही मिशनं प्रोटेस्टंट आणि मावशींच्या समोरची शाळा कॅथलिक, हा फरक मला कळतो. मुद्द्याला त्याने बाध येत नाही.

आज काय चाललं आहे? राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ साली अल्पसंख्याक शाळांचा अहवाल काढला. ख्रिस्ती शाळांत शिकणाऱ्यांपैकी ७४ टक्के मुलं ख्रिस्ती नाहीत, असं त्यात आहे. आणि सगळ्या अल्पसंख्याक शाळा मिळून सामाजिक-आर्थिकदृष्ट्या दुबळ्या घरांतली मुलं ८.७६ टक्के. या अहवालाचा चर्चविरुद्ध काठीसारखा वापर झाला, हे खरं आहे. म्हणून आकडा बदलत नाही. चर्चच्या शाळा परक्यांना घेतात, भरपूर घेतात. गरीब तेवढे बाहेर राहतात. ७४ टक्के जागा इतरांना देऊनही शाळेचं ख्रिस्तीपण टिकतं, मग त्यातल्याच काही जागांवर धुणीभांडी करणाऱ्या बाईचा नातू बसला तर ते कसं बुडतं?

सगळ्या शाळांना मी एका दावणीला बांधत नाही. तलासरीला वारल्यांच्या पोरांसाठी जेझुइटांनी उभारलेलं ज्ञानमाता सदन आहे, गावोगावच्या सिस्टरांची बोर्डिंगं आहेत, मुंबईतल्या अनुदानित पॅरिश शाळांची फी आजही बेताची असते. तिथे चर्च आपलं काम करतं आहे. माझं भांडण शहरातल्या विनाअनुदानित शाळांशी आहे, जिथे फॉर्मच्या रांगेत गाड्या उभ्या असतात आणि मावशींना वॉचमन गेटवरूनच परत पाठवतो.

व्यवस्थापन म्हणतं, सरकार पैसे देत नाही. खरं आहे. आरटीईच्या मुलामागे वर्षाला १७,६७० रुपयांची प्रतिपूर्ती कागदावर असते आणि ती वर्षानुवर्षं थकते, अशी खासगी शाळांची ओरड आहे. मग सरकारकडे मागूच नका. याच शाळांतून शिकलेले डॉक्टर, वकील, कारखानदार दरवर्षी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला येतात, हॉलला पंखे देतात, भिंतीवर नावाची पाटी लावून घेतात. त्यांना सांगा, पंखे पुरे झाले, एका मुलाची दहावीपर्यंतची फी उचला. गणवेश, पुस्तकं, व्हॅन आणि सहलीचे पैसेही त्यात धरा, कारण फी माफ झालेलं पोर सहलीच्या दिवशी घरी बसलं तर त्याला आपली जागा बरोबर कळते.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी, महाराष्ट्रातल्याच एका शैक्षणिक ट्रस्टच्या खटल्यात, प्रमतीच्या निकालाबद्दल शंका व्यक्त केली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. निकाल कधी लागायचा तो लागो. कोर्टाने हात धरून उघडायला लावलेलं दार आणि स्वतःहून उघडलेलं दार यांत फरक असतो, आणि तो मुलांना पहिल्या दिवशी कळतो.

म्हणून फादर, एवढंच मागणं आहे. चाळीसच्या वर्गात दहा जागा बाजूला काढा. बाप्तिस्म्याचा दाखला मागू नका, आईबापाची इंग्रजीतून मुलाखत घेऊ नका. नावं जास्त आली तर चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांदेखत चिठ्ठ्या टाका. पॅरिश कौन्सिलच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि रविवारी मिस्सानंतरच्या सूचनांत वाचून दाखवा. मावशींची खोली रस्त्यापलीकडेच आहे. त्यांना ऐकू येईल.