ब्लॉकभाऊ

बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत रसायनं, औषधं, कापड, पोलाद असं बरंच काही तयार होतं. पण त्या सगळ्याच्या आधी तयार होतं ते ड्रॉईंग. रिॲक्टर कुठे बसेल, पाइप कुठून जातील, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या ईटीपीची टाकी कुठल्या कोपऱ्यात आणि कामगारांची मुतारी कुठल्या भिंतीला, हे आधी स्क्रीनवर ठरतं. ही कामं करणाऱ्या ऑफिसात एक साहेब असतो, आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा ट्रेड करून आलेली दोन-तीन पोरं असतात, आणि एक ब्लॉकभाऊ असतो. खरं आडनाव सावे असेल, राऊत असेल, पाटील असेल. पगारपत्रकाबाहेर ते कोणी वापरत नाही.

ही ड्रॉईंगं ज्या सॉफ्टवेअरवर होतात त्या ऑटोकॅडमध्ये एकदा काढलेली आकृती नाव देऊन ठेवता येते आणि मग हवी तिथे, हवी तितक्यांदा बसवता येते. तिला ब्लॉक म्हणतात. दार, कमोड, पंप, व्हॉल्व, उत्तरेचा बाण, सगळ्याचे ब्लॉक होतात. इतरांच्या दृष्टीने ही एक सोय आहे. ब्लॉकभाऊंच्या दृष्टीने ड्रॉईंग हे ब्लॉक नीट ठेवण्याचं निमित्त आहे.

भाऊ पालघरहून लोकल पकडतात. मधे एकटं उमरोळी स्टेशन, पण तेवढ्यातही त्यांचं मन फोल्डरांच्या फेरमांडणीत असतं. व्हॉल्व हे ‘पायपिंग’मध्ये ठेवावेत की ‘मेकॅनिकल’मध्ये? फायर हायड्रंटचा व्हॉल्व पायपिंगचा की ‘सेफ्टी’चा? बोईसर येतं तेव्हा हायड्रंटला स्वतंत्र फोल्डर मिळालेलं असतं. शेअर रिक्षा नवापूर नाक्यापर्यंत पोचते, तेव्हा त्या फोल्डरात दोन उपफोल्डर झालेले असतात.

त्यांच्या लायब्ररीत नुसत्या व्हॉल्वची वस्ती बघण्यासारखी आहे. दोन त्रिकोण नाकाला नाक लावून बसले की गेट व्हॉल्व. मधे भरीव टिंब आलं की ग्लोब. टिंबाऐवजी पोकळ गोल आला की बॉल. प्रत्येकाचं नाव भाऊंनी स्वतः पाडलेलं, आणि ते नाव म्हणजे ‘पीपी-व्हीएल-बीएल-050-एफ-03’. यातली पहिली चार पदं कोणीही समजू शकतो. ‘एफ’ म्हणजे फ्लँजचा, हेही कळतं. ‘03’ म्हणजे काय, ते भाऊंच्या वहीत आहे. वही भाऊंच्या खणात आहे. खणाची किल्ली भाऊंच्या जानव्याला आहे.

झाडांचं प्रकरण वेगळं. सॉफ्टवेअरबरोबर आणि इकडूनतिकडून मिळालेल्या झाडांत सगळी पाइन नि मेपल. तारापूरच्या प्लॉटला पाइन दाखवायची भाऊंना शरम वाटली. त्यांनी बसून ताडाचं झाड काढलं, झावळी न् झावळी. प्लॅनमध्ये ते झाड दिसतं अर्ध्या सेंटिमीटरचं, पण त्यात रेषा इतक्या की कंपाउंडला वीस ताड लावले की कॉम्प्युटर बसकण मारतो. साहेबांनी एकदा विचारलं, “भाऊ, नुसता गोल काढून चालणार नाही का?” भाऊ म्हणाले, “गोल कसलाही असू शकतो, साहेब.” यावर साहेबांकडे उत्तर नव्हतं.

भाऊंचे खरे शत्रू म्हणजे नवी पोरं. पोरांची एकच पद्धत: जुनं ड्रॉईंग उघडायचं, कंट्रोल-सी, नव्यात कंट्रोल-व्ही. तीस फोल्डरांची लायब्ररी सर्व्हरवर पडून, आणि कमोड मात्र तीन वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा गोडाऊनच्या प्लॅनमधून उचललेला. त्यातून ज्या गमती होतात त्या भाऊ तोंडपाठ सांगतात. मिलिमीटरमध्ये काढलेला कमोड मीटरच्या साइट प्लॅनमध्ये तसाच बसवला, आणि तो सातशे मीटर लांबीचा निघाला. प्लॉटच त्याच्यात मावत होता. एकाने दाराचा ब्लॉक करताना पकडायचा बिंदू भलतीकडे ठेवला. तेव्हापासून कर्सर बोईसरला आणि दार वाणगावला. पण भाऊंचं सर्वांत लाडकं उदाहरण नावाचं. एका पोराने वॉश बेसिनच्या ब्लॉकला नाव दिलं ‘1’. ज्या ड्रॉईंगमध्ये ते चिकटवायचं होतं त्यात आधीच एक ‘1’ होता, तो एनआरव्हीचा, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्वचा. एकाच नावाचे दोन ब्लॉक एका ड्रॉईंगमध्ये नांदत नाहीत, आणि भांडणात आधीपासून घरात असलेला जिंकतो. ॲडमिन बिल्डिंगच्या टॉयलेटमध्ये भिंतीला ओळीने चार एनआरव्ही उगवले. प्रिंट निघून साहेबांच्या सहीपर्यंत गेली होती.

दुसरं पाप म्हणजे एक्स्प्लोड. ब्लॉक मनासारखा बदलत नाही म्हटल्यावर पोरगा ‘एक्स’ दाबून एन्टर मारतो, आणि ब्लॉकच्या सुट्या रेषा होतात. व्हॉल्वच्या पोटात जपून ठेवलेला नंबर जातो आणि त्या जागी नुसतं ‘टॅग’ असं लिहिलेलं उरतं. ज्या दिवशी पर्चेसवाला विचारतो, “दोन इंची बॉल व्हॉल्व किती?” त्या दिवशी भाऊंच्या ड्रॉईंगमधून यादी आपोआप निघते. पोरांच्या ड्रॉईंगवर मात्र पेन्सिलने खुणा करत मोजावं लागतं आणि दोघांनी मोजलं तर बेरीज जुळत नाही. हा भाऊंचा मुद्दा खरा आहे. तो त्यांनी रोज दुपारी डबा खाताना सांगायला नको, एवढंच.

नव्या पोराला भाऊ पहिल्या दिवशी दीक्षा देतात. 1963 साली एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्रॅम केला. त्यात मूळ आकृती एक असायची आणि तिच्या प्रती अनेक. मूळ बदललं की सगळ्या प्रती बदलायच्या. “म्हणजे बघ, ऑटोकॅड 1982 चं. ब्लॉकची कल्पना त्याच्या आधीची!” पोरगा मान डोलावतो आणि विचारतो, “भाऊ, डबल डोअर कुठून कॉपी करू?” मग भाऊ दुसरा मंत्र सांगतात. ब्लॉक काढायचा तो शून्य नंबरच्या लेयरवर. तिथे काढलेला ब्लॉक ज्या लेयरवर बसवाल त्याचा रंग घेतो. भाऊंच्या भाषेत: “शून्यावर जन्मायचं, जाऊ तिथलं व्हायचं.” साहेब केबिनमधून ओरडतात, “भाऊ, तारापूरची अणुभट्टी 1969 ला सुरू झाली, ऑटोकॅडच्या तेरा वर्षं आधी! तिला नव्हता लागला तुमचा शून्य लेयर!” भाऊ हळूच म्हणतात, “स्टेन्सिल लागली असेल ना?” आणि खणातून हिरव्या प्लास्टिकची, गोल-चौकोन कापलेली जुनी पट्टी काढून दाखवतात. ती पट्टी म्हणजे त्यांच्या मते पहिली ब्लॉक लायब्ररी. आणि तिच्यावर एक्स्प्लोड चालत नाही.

भाऊंचे मेहुणे चिंचणीला डायमेकर. दागिन्याची नक्षी पोलादात कोरायची, आणि मग त्या एका डायवरून पत्र्यावर ठोकून हवे तितके नग काढायचे. धंदा तोच, फक्त ठोकण्याचा आवाज जास्त. एकदा जेवताना भाऊंनी आपली नावं देण्याची पद्धत त्यांना समजावली. मेहुण्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “दाजी, माझा कारागीर पहिल्या दिवशी डाय बघतो आणि उचलतो. तुमच्याकडे बघून उचलता येत नाही?” भाऊ त्यानंतर दोन महिने सासुरवाडीला गेले नाहीत.

भाऊंच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस 1 ऑगस्ट 2014. ठाण्याचा जिल्हा फुटला आणि पालघर जिल्हा झाला. ऑफिसच्या प्रत्येक ड्रॉईंगच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात पत्ता होता: ता. पालघर, जि. ठाणे. इतर लोक पेढे वाटत होते, भाऊ कॉम्प्युटरसमोर बसले. पत्त्याचा तो चौकोन, म्हणजे टायटल ब्लॉक, त्यांनी ड्रॉईंगमध्ये गाडलेला नव्हता. वेगळी फाइल करून बाहेरून जोडलेला होता. त्यांनी त्या एका फाइलमध्ये ‘ठाणे’ खोडून ‘पालघर’ लिहिलं आणि चहा मागवला. त्यानंतर जे ड्रॉईंग उघडावं ते पालघर जिल्ह्यात! साहेब उठून त्यांच्या टेबलापर्यंत आले. बाकीच्यांनी कॉपी मारून, फोडून ठेवलेले टायटल ब्लॉक हाताने बदलण्यात पुढचे कित्येक महिने गेले, आणि काही अजून ठाणे जिल्ह्यातच आहेत.

त्या दिवशी कोणालाही पटावं की भाऊ बरोबर आहेत. पण चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा सुरू होते आणि भाऊ रजा टाकून जातात, तेव्हा काय होतं तेही पाहिलं पाहिजे. क्लायंटला संध्याकाळपर्यंत सुधारलेलं ड्रॉईंग हवं असतं, एक साधा डायफ्राम व्हॉल्व हवा असतो, आणि तीस फोल्डरांत तो कुणालाही सापडत नाही. ‘03’ उघडावा तर जॅकेटवाला, ‘04’ उघडावा तर नुसता ताड. भाऊंचा फोन यात्रेच्या गर्दीत वाजत राहतो. शेवटी पोरगा जुनं ड्रॉईंग उघडतो, कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, आणि सहा वाजता ड्रॉईंग जातं.

माझं मत विचाराल तर भाऊंची लायब्ररी उत्तम आहे, फक्त ती एकाच वाचकासाठी लिहिलेली आहे. पुन्हा पुन्हा वापरता यावं म्हणून केलेली वस्तू दुसऱ्याला वापरता येत नसेल, तर सातशे मीटरचा कमोड आणि ती यांत डावं-उजवं करणं कठीण. तेव्हा तुमच्या ऑफिसात ब्लॉकभाऊ असतील तर त्यांची चेष्टा करा, हरकत नाही. पण ते रिटायर व्हायच्या आत त्या वहीची झेरॉक्स काढून घ्या.