जपान पाहून आलेला पुतण्या

पूर्वी गावात काशी करून आलेला एखादा माणूस असे. आता त्याची गादी जपान पाहून आलेल्या पुतण्याने घेतली आहे. हा पुण्यात कंपनीत असतो. कंपनीने टोकियोला धाडलेलं असताना एका शनिवार-रविवारी तो उत्तरेकडे तोहोकूत जाऊन तळी आणि डोंगर पाहून आलेला असतो. सहल दोन दिवसांची. पण दहा वर्षं पुरते.

दिवाळीला माकणीत एसटीतून उतरतो तोच मुळी घड्याळ बघत. चहा झाला की थेट धरणावर. निम्न तेरणेच्या भिंतीवर उभा राहून डोळे बारीक करतो आणि म्हणतो, "सेम ताझावा!" ताझावा हे अकितातलं तळं, जपानातलं सर्वांत खोल, ४२३ मीटर. त्यात आपली भिंत शोधूनही सापडायची नाही. पण ते तो मनावर घेत नाही. तळ्यामागे डोंगर हवाच, म्हणून तो लांब बालाघाटाकडे बोट दाखवतो. बोटासमोर असतो उसाचा फड.

रात्री पारावर गरम पाण्याच्या कुंडांचा अध्याय लागतो.

"आधी अंग घासून धुवायचं, मग कुंडात उतरायचं."

"म्हंजे आंघोळीआधी आंघोळ?" आप्पा विचारतात.

"हो. आणि अंगावर कपडा नको."

"टावेल तरी?"

"तो डोक्यावर ठेवायचा."

"लाज वाटली की त्यानं तोंड झाकायचं व्हय!"

भूकंपाचा विषय मात्र पुढे जात नाही. "तिथं धक्का बसायच्या आधीच फोन वाजतो," एवढं तो म्हणतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिलेली माणसं समोर बसलेली असतात. आप्पा तंबाखू मळत नुसते त्याच्याकडे बघतात.

मग आप्पाच विचारतात, "त्या तळ्यात मासं कसलं घावतंय?" पुतण्या फोनमध्ये शोधतो आणि त्याचा आवाज उतरतो. १९४० साली वीज आणि शेतीसाठी एका आम्लधर्मी नदीचं पाणी ताझावात सोडलं, आणि फक्त तिथेच असणारा कुनिमासू मासा संपला. २०१० साली तो सापडला, पण फुजीजवळच्या साइको तळ्यात. पूर्वी कधी तिकडे त्याची अंडी पाठवली होती म्हणून.

"बिनमाशाचं तळं बघाया एवढा पैका घातलास?" आप्पा निकाल देतात. त्या रात्री धरणातल्या राहूचे चार तुकडे पुतण्या कशाशीही तुलना न करता खातो.

माझं मत त्याच्या बाजूचं आहे. आम्ही धरणावर जातो ते पाणी किती उरलं, रब्बीला पाळी मिळेल का, हे बघायला. नुसतं धरण बघायला जाणारा अख्ख्या भावकीत तो एकटाच. पावसाने दगा दिलेल्या वर्षी एप्रिलात मात्र तो फिरकत नाही. तेव्हा तिथे भेगाळलेला गाळ असतो, आणि तसलं काही त्याने जपानात पाहिलेलं नसतं.